मासे आहेत हो, पण कुठले?

"नदीत मासे आहेत ना? मग नदी मेली म्हणून कशाला बोंबलता?"

मुळेच्या पाण्यावर काहीही लिहिलं की खाली ही कॉमेंट ठरलेली. पारावर बसलं तरी तेच. परवा नांद्याच्या बाजूला नदीकाठी गळ टाकून बसलेल्या पोरांनी मला पिशवीच उघडून दाखवली. तळहाताएवढ्या आठ-दहा चिलापी. "दादा, हे काय मग?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत बसत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी आपलं माणचं बघू. आपल्या शिवारात आयटी पार्कचे टप्पे आले, मग टॉवर आले, टॉवरमागून माणसं आली. सगळ्यांचं पाणी कुठं जातं? टँकरनं येतं आणि ओढ्यानं जातं. ओढा मुळेला. आपल्याकडं मोठे रासायनिक कारखाने नाहीत. आपली घाण घरगुती आहे: संडास-बाथरूमचं, धुण्याभांड्याचं पाणी, साबण, फिनेल, गोळ्या-औषधं. त्यात मुळशी धरणाचं पाणी वीज करायला घाटाखाली भिऱ्याला जातं, हे शंभर वर्षं चालू आहे. सेनापती बापटांचा सत्याग्रह जमिनींसाठी झाला, पण गेलं ते नदीचं पाणीसुद्धा. पाऊस संपला की खालच्या मुळेत ताजं पाणी थोडं आणि आपण सोडलेलं जास्त.

आता मासा अशा पाण्यात काय करतो ते बघा.

पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैला कुजवणारे जिवाणू तो खाऊन टाकतात. पाण्यात अमोनिया आणि साबण वाढला की माशाचे कल्ले आपला बचाव करायला जास्त बुळबुळीत द्रव सोडतात, कल्ल्याची कातडी जाड होते, सुजते. धूर येतो म्हणून घराची दारं-खिडक्या लावून घ्यावीत तसं. विष थोडं कमी आत येतं, पण प्राणवायूही कमीच येतो. मग मासा पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करतो, कारण हवेला लागून असलेल्या अगदी वरच्या पातळ थरात थोडा प्राणवायू मिळतो. पहाटे नदीवर गेलात तर हे दृश्य दिसेल. लोकांना वाटतं, काय मासे खेळतायत!

या खेळात चिलापी पटाईत. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. पाण्यात एक मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला तरी काही तास तग धरते, शेवाळापासून गाळापर्यंत काहीही खाते. पण तिची खरी करामत वेगळीच आहे. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंसुद्धा तोंडातच सांभाळते. तळाला हातभर काळा गाळ साठला तरी तिचं काही अडत नाही. खडस म्हणजे महाशीर मात्र वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडगोट्यांवर अंडी घालतो. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. मोठा मासा कदाचित जगेलही, पण त्याच्या मागं कोणी येत नाही.

हा खडस आपल्याच नदीचा आहे, बरं का. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडत होता. त्यानं १८३९ साली या माशाला शास्त्रीय नाव दिलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. नावातला 'खुद्री' हा शब्दही इथल्याच लोकांच्या तोंडचा. कोलस, पोटैल अशी आणखीही इथली नावं त्यानं उचलून लॅटिनला जोडली. आज तो मासा कुठं टिकवून आहे? लोणावळ्याला, टाटांच्या मत्स्यबीज केंद्राच्या हौदात. ज्या नदीवरून तो जगाला माहीत झाला, तिथं पोरांच्या पिशवीत चिलापी.

चिलापीला शिव्या घालायचा माझा विचार नाही. भिगवण-इंदापूरकडं उजनीच्या पाण्यावर कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. आपलं सगळं पाणी शेवटी भीमेतून उजनीलाच जातं, म्हणजे ती आपल्या सांडपाण्यावर वाढते असं म्हटलं तरी चालेल. (हॉटेलात "उजनीचा ताजा मासा" हा बोर्ड वाचताना मी एकदा थबकतो, एवढंच.)

माशांच्याही खाली जाऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडचा व्हिडिओ सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता, आठवतंय का? नदीवर काळा भोवरा उठलेला, "पुण्यात डासांचं वादळ". कीटकांची माहिती असणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे चावणारे डास नव्हेत, कायरोनॉमिड नावाच्या माश्या आहेत. यांच्या अळ्या गाळात राहतात आणि रक्तासारख्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. पाण्यात प्राणवायू नसल्यासारखा असला तरी त्या तो ओढून धरतात. गाळातले बाकीचे जीव मेले, यांना खाणारेही कमी झाले, की यांचंच राज्य. म्हणजे तिथंही नदी "जिवंत"च होती. इतकी जिवंत की लोकांना खिडक्या लावून बसावं लागलं.

तर जनावर घाणीशी जुळवून घेतं हे खरंच. काही वेळा पिढ्यानपिढ्यांत त्याच्या जनुकांपर्यंत बदल होतो. अमेरिकेत हडसन नदीत १९४७ ते १९७६ अशी तीस वर्षं जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून पीसीबी नावाची रसायनं सोडली गेली. तिथला टॉमकॉड मासा तरीही टिकला. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्याचं कारण दाखवलं: एका जनुकातला छोटासा तुकडा गळालेला, त्यामुळं विष शरीराला जिथून धरतं ती पकडच ढिली झालेली. बदल असलेले मासे आधी थोडे असणार. बाकीचे मेले आणि हे उरले. ऐकायला भारी वाटतं. पण विष त्याच्या अंगातून गेलेलं नाही. ते चरबीत साठून आहे, आणि जो त्याला खातो त्याच्या अंगात जातं. मासा वाचला आणि ओझं पुढच्याच्या ताटात आलं. शिवाय असा बदल लवकर वाढणाऱ्या, ढिगानं पिल्लं देणाऱ्या माशांना जमतो. उशिरा वयात येणाऱ्या खडसाला तेवढा वेळ कोण देणार?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती थेट आपल्या सोसायट्यांच्या पाण्याची आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एका तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं मुद्दाम गर्भनिरोधक गोळ्यांतलं हार्मोन मिसळलं. किती? लिटरमागे एका ग्रॅमचे अब्जावे भाग, तेही पाच-सहाच. फॅटहेड मिनो नावाचा बारका मासा होता. पाणी काचेसारखं, मासे पोहतायत. पण नरांच्या अंगात मादीसारखी अंड्याची प्रथिनं तयार व्हायला लागली, पिल्लं होईनात, आणि बघता बघता तळ्यातून तो मासा जवळजवळ नाहीसा झाला. हार्मोन टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत तो परत आला, हेही सांगितलं पाहिजे. आपले एसटीपी चालू असले तरी असली द्रव्यं पूर्ण अडवतील अशी त्यांची रचनाच नसते. बंद असतील तर बोलायलाच नको.

म्हणून पिशवीतल्या आठ चिलापींवरून मला नदीबद्दल फारसं काही कळत नाही. काय नाहीये त्यावरून कळतं. पुण्याच्या नद्यांतल्या माशांची यादी १९४२ साली फ्रेझरनं छापली. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेतले मासे पुन्हा तपासले. म्हणजे पहिलं पान लिहिलेलं आहे, ताडून बघायचं असेल तर बघता येतं. कॉमेंटमध्ये भांडायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. मुळा, मुठा, पवना तिघीही त्यात. मंडळाचाच निकष आहे की मासे आणि वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पण नमुना कधी घेतात? मी दोनदा पाहिलं, कुठल्या खात्याची माणसं होती ते सोडा, दोन्ही वेळा दुपारी बारा-साडेबारा. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यामुळं हिरव्या पाण्याचा आकडा दुपारी छान येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं आणि पहाटे चार ते सहा पाणी सगळ्यात रितं असतं. मासे मरतात ते तेव्हा. आणि पहिल्या पावसात, ओढ्यात उन्हाळाभर साठलेला काळा गाळ एकदम नदीत येतो तेव्हा.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी लेखी मागणी देणार आहे. ओढा मुळेला मिळतो तिथं महिन्यातून एकदा पहाटे पाचला प्राणवायू आणि अमोनिया मोजायचा, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचे. वर्षातून एकदा जाळं टाकून मासे मोजायचे, जातीनुसार. आपल्याच एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेतलं तर खर्चही फार नाही. महापालिकेत जायचं की नाही यावर गावात दोन तट आहेत, राहू देत. या मागणीला दोन्ही तटांच्या सह्या चालतील.

तोवर एक करा. पहाटे चालायला जाणाऱ्यांनी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, किंवा मेलेले दिसले, तर फोटो काढा. वेळ, तारीख, जागा लिहून इथंच टाका. मेलेले मासे कोणी उचलून खाऊ नका, विकू नका. आणि जुन्या जाणत्यांनो, तुमच्या लहानपणी मुळेत जे मासे मिळायचे त्यांची नावं खाली लिहा. आपल्या बोलीतली चालतील, तीच हवीत.