रिव्हर्स टाकला आणि उजाडलं!

टक्! बॉनेटखालून एवढासा आवाज आला आणि माझ्या जुन्या जिप्सीच्या मागे थेट कुंपणापर्यंत लख्ख उजाडलं. जास्वंदीचं पान न् पान दिसायला लागलं. गिअर काढला, अंधार. टाकला, टक्, उजेड! दहा वेळा तरी केलं असेल. आतून आई हाका मारत होती, "अरे, जेवायचं नाही का?" जेवण कसलं सुचतंय! हे दिवे मी स्वतः जोडले होते!

मागच्या पावसाळ्यात मुळशीकडच्या एका चिखलवाटेवर पुढचा रस्ता खचलेला निघाला. वळायला जागा नाही, एका बाजूला उतार, वर धो धो पाऊस. रिव्हर्सचा मिणमिणता बल्ब, मागे टॉर्च धरून भिजणारा मित्र आणि त्याचं "डावीकडे घे, अजून घे!" तेव्हाच ठरवलं, मागे उजेड हवा.

मला वाटायचं, रिव्हर्स लाइटच्या वायरलाच नवे दिवे जोडले की झालं. गॅरेजमधले काका म्हणाले, "त्या वायरवर भार टाकू नकोस. तिला फक्त निरोप द्यायला लाव." निरोप! या एका शब्दाने सगळं उलगडलं.

निरोप घेतो तो रिले. काड्यापेटीहून लहान डबी, आत तारेचं वेटोळं. त्यातून जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर करंट गेला की त्याचं लोहचुंबक होतं, ते पट्टी ओढतं आणि मोठ्या करंटची वाट उघडते. तोच तो टक्! माझे दिवे १८ वॉटचे दोन, म्हणजे ३६ वॉट; १२ व्होल्टवर ३ अँपिअर. हा सगळा भार थेट बॅटरी उचलते.

आणि पिनांचे आकडे! ३० वर बॅटरीची वायर, तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज. ८७ वरून दिवे. ८५ बॉडीला अर्थ. ८६ वर निरोप. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत. चार आकडे कळले आणि गाडीतली ती काळी डबी मला वाचताच यायला लागली!

८६ च्या वाटेत तीन खटक्यांचा स्विच घातलाय. मधे बंद, एकीकडे रिव्हर्सबरोबर दिवे, दुसरीकडे इग्निशनच्या लाइनवरून सतत उजेड, रात्री तंबू ठोकायला. हा तिसरा खटका फक्त गाडी उभी असताना. रस्त्यावर मागच्याचे डोळे दिपवायचे नाहीत!

एक दिवा आधी लुकलुकत होता. अर्थच्या बोल्टखाली रंग राहिला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरच्या टोकाचं थिंबल घट्ट कसलं, वर ग्रीस लावलं, आणि दिवा ठाम! करंटला जायला लागते तितकीच चांगली वाट परत यायलाही लागते, हे मला त्या नाण्याएवढ्या पत्र्याने शिकवलं.

परवा रात्री पुन्हा त्याच वाटेवर गेलो. तोच चिखल, तसाच पाऊस. रिव्हर्स टाकला. टक्! मागचा दगड न् दगड, चाकोरीतलं पाणी, उताराची कड, सगळं समोर. "डावीकडे घे," मित्र म्हणाला. या वेळी तो माझ्या शेजारी बसला होता, अगदी कोरडा.