कऱ्हा-नीरेच्या संगमावरील ओसाड पडलेली गावे

बारामती शहरातून वाहत आलेली कऱ्हा सोनगावाजवळ नीरेस मिळते. सोनेश्वराच्या दर्शनास येणाऱ्यांचे लक्ष मंदिराकडे आणि संगमाकडे असते. काठावरच्या मातीकडे सहसा कोणी पाहत नाही. याच सोनगावात १९६५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीचे अवशेष उजेडात आणले. लाल रंगाची, काळ्या नक्षीची आणि वाजवल्यास खणखणणारी मातीची भांडी ही या संस्कृतीची ओळख.

ही माणसे का नाहीशी झाली, हे समजून घ्यायचे तर याच भीमा खोऱ्यातील इनामगावी जावे लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या गावी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या विद्वानांनी मोठे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे वस्ती होती. पाच खोल्यांचे एक घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. ते गावप्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत. नदीचे पाणी वळवून घेणारा पाट होता, बांध होता. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू. इ.स.पू. १००० नंतर मात्र चित्र पालटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गहू घटला, शिकार वाढली आणि अखेरीस गाव ओस पडले.

ढवळीकरांनी याचे कारण पावसात शोधले. त्यांच्या मते इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. तापी-गोदावरी खोऱ्यांतील गावे आधी उठली, भीमेकाठची काही काळ तग धरून राहिली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात यावर आक्षेप घेतला. हा प्रदेश वस्तीच्या आधीपासूनच निमकोरडा होता, तेव्हा अचानक आलेल्या अवर्षणावर सारा भार टाकता येत नाही. माणसांनी जमिनीची झीज केली, हेही पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मुख्य आधार बालकांचे सांगाडे. इनामगावात मृत बालकांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. उत्तरकाळातील या बालकांची हाडे कुपोषणाची साक्ष देतात.

मध्य अमेरिकेतील माया लोकांविषयीही असाच वाद आहे. तिकाल नगरातील शेवटचा कालोल्लेखित शिलास्तंभ इ.स. ८६९ चा. कोणी तळ्यांच्या गाळातून सिद्ध झालेल्या अवर्षणाकडे बोट दाखवतो, कोणी राजांच्या आपसांतील युद्धांकडे, तर कोणी जंगलतोडीकडे. नगरे ओस पडली, पण माया माणसे संपली नाहीत. त्यांचे लक्षावधी वंशज आजही तेथे आहेत.

व्यापाऱ्याच्या भाषेत प्रश्न असा, की पेढी आकस्मिक तोट्याने बुडाली, की वर्षानुवर्षे भांडवल खाऊन चालली होती? गावे एकामागोमाग का उठली याचा उलगडा ढवळीकरांच्या मताने अधिक होतो. पण पाट आणि कोठार असलेल्या गावात मुले उपाशी का राहिली, याचे उत्तर केवळ आभाळाकडे पाहून मिळत नाही.

नीरेच्या काठाने पुढे गेले की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागते. शेठ वालचंद हिराचंद यांनी येथे साखर कारखाना उभारला आणि माळरानाचे रूप पालटले. नीरेच्या कालव्याखालील भागात ऊस डोलतो, तर बारामतीच्याच पश्चिमेकडील जिरायती गावांचे डोळे पावसाकडे लागलेले असतात. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेस मिळते. इनामगावावरून वाहणाऱ्या घोडेचे पाणीही भीमेतूनच उजनीच्या जलाशयात येते. हा जलाशय भरताना पळसदेव गावाचे जुने मंदिर बुडाले. वैशाखात पाणी खाली गेले की त्याचे शिखर, आणि अवर्षणाच्या वर्षी पायथ्यापर्यंतचे सारे बांधकाम, पुन्हा उघडे पडते.