आवाज कमी कर!

वाचकहो, गेल्या महिन्यात नागपूरला माझ्या कानांची तपासणी झाली. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, बारीक शिट्ट्या ऐकवण्यात आल्या. आलेख पाहून तपासणाऱ्या तरुण मुलीने अदबीने विचारले, “डॉक्टरसाहेब, पूर्वी कुठल्या कारखान्यात काम केले होते का?” मी म्हणालो, “नाही. १९९१ साली मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात होतो.”

तिला काही उमगले नाही. तुम्हांला मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. माझ्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास एक खळगा आहे. सततच्या मोठ्या आवाजाने कानाला इजा झाली, की आलेख बहुधा तेथेच खचतो. माझा तो खळगा १९९१ सालच्या रॉक संगीताने खणायला घेतला. तेव्हा ज्यांनी खणला, त्यांचा गुणानुक्रमे सत्कार करणे मला उचित वाटते. रॉक म्हणजे काय, असे विचारणाऱ्या ज्येष्ठांसाठी एवढेच सांगतो, की विजेवर चालणारी दोन-तीन गिटारे, एक ढोलताशांचा संच आणि सर्वांवर रागावलेला एक गायक असला, की रॉक होते.

पाचवा क्रमांक ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन चमूच्या ‘आउट ऑफ टाइम’ला. त्यातले सर्वांत गाजलेले गाणे चक्क मेंडोलिनवर उभे आहे. आपल्या हिंदी चित्रपटांत गोड गाण्यांना साथ करणारे हे वाद्य परदेशात जाऊन इतके उदास झालेले पाहून मला काळजी वाटली होती. कानांना मात्र यापासून अपाय नव्हता, म्हणूनच क्रमांक खालचा.

चौथा ‘गन्स अँड रोझेस’ला. यांनी १७ सप्टेंबर १९९१ या एकाच दिवशी ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग बाजारात आणले. काही रुग्ण एका तक्रारीसाठी दोन जाड फायली घेऊन येतात, तसा हा प्रकार. त्यातले पावसाचे गाणे जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे. खोलीतल्या मित्राचा चहा उकळून, गाळून, पिऊन होई, तरी ते संपत नसे.

तिसरा क्रमांक सिएटलच्या ‘निर्वाणा’च्या ‘नेव्हरमाइंड’चा. मुखपृष्ठावर पाण्याखाली पोहणारे एक तान्हे बाळ, आणि त्याच्यापुढे गळाला अडकवलेली डॉलरची नोट. सप्टेंबरात प्रसिद्ध झालेला हा आवाज सीताबर्डीपर्यंत यायला आणखी कित्येक महिने लागले. आला तोही कोऱ्या कॅसेटवर उतरवलेला, मध्येच कोणाच्या तरी खोकल्यासह. तो खोकला कोरडा होता, एवढे निदान मी तेव्हाच केले होते.

दुसरा क्रमांक ‘मेटालिका’चा. ऑगस्टमधील त्यांच्या या संग्रहाचे नावही ‘मेटालिका’च, आणि वेष्टन जवळजवळ संपूर्ण काळे. मुंबईच्या एका मित्राने ही कॅसेट दिवाळीपूर्वी आणून दिली. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि औषधशास्त्र घोकत होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या औषधांनी कानाच्या नसांना इजा होऊ शकते, हे वाक्य मी ‘मेटालिका’ पूर्ण आवाजात लावून पाठ केले. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले. त्या चमूचे ढोलवादक लार्स उलरिक यांनी पुढे आपल्या कानांत सतत गुणगुण वाजते, असे जाहीरपणे सांगितले. या बाबतीत मी त्यांचा सहकलाकार आहे.

पहिला क्रमांक नि:संशय ‘क्वीन’च्या ‘इन्युएन्डो’चा. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा हा पारशी मुलगा. जन्म झांझिबारचा, पण वयाच्या आठव्या वर्षापासून शिकायला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानो तेथेच शिकला आणि पहिला वाद्यवृंदही त्याने तेथल्या मित्रांबरोबरच काढला. १९९१च्या फेब्रुवारीत हा संग्रह आला, तेव्हा तो एड्सने खंगत होता. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूमोनियाने, वयाच्या ४५व्या वर्षी, तो गेला. आम्हांला तेव्हा एड्स पुस्तकातल्या दोन-चार पानांपुरता ठाऊक होता. प्रभावी संयुक्त उपचार १९९६च्या सुमारास आले. आज माझ्याकडे येणारे एचआयव्हीचे रुग्ण नियमित गोळी घेऊन नातवंडे खेळवतात. पाच वर्षांचे अंतर एखाद्याला किती लांब पडते, हे त्या कॅसेटने मला शिकवले.

आता या यादीच्या परीक्षकाकडे वळतो. परीक्षक म्हणजे माझे बाबा. शाळेत शिक्षक, संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर फेरी, रात्री भजनी मंडळात पेटी. त्या दिवाळीत मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी घेऊन पवनीला आलो. ‘मेटालिका’ सुरू होऊन अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच बाबा दारात उभे राहिले. “काहून रे, कोणाचं भांडण लागलं? आवाज कमी कर!” मी बाणेदारपणे उत्तर दिले, की तुम्ही मंडईत रात्रभर भोंग्याखाली बसून दंडार पाहता, ते चालते का? त्यानंतर दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी मी ‘इन्युएन्डो’ लावले. बाबा ओसरीवरून ऐकत होते. बराच वेळाने म्हणाले, “बाकीचे जाऊ दे. याचा सूर पक्का आहे. कुठला आहे हा?” मी म्हणालो, “पाचगणीचा.” त्यांना ती थट्टा वाटली.

बाबा आज ८४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भजनाला जाणे सोडले. पेटीवर कापड पडले. “जेवलात का?” विचारले, तर “सोमवारी” असे उत्तर येई. चार माणसे बसली, की ते उठून आत जात. नातलग म्हणाले, वय झाले. मी डॉक्टर, मी मनातल्या मनात त्याहून वाईट नाव ठेवले आणि वर्षभर ते कोणालाही सांगितले नाही. स्मृतिभ्रंशाची भीती इतकी होती, की तपासणी लांबवण्यासाठी मी रोज नवी सबब शोधत होतो. हेच दुसऱ्या कोणाच्या मुलाने केले असते, तर मी त्याला खडसावले असते.

निदान माझ्या पत्नीने केले. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, “समोर बसून बोललं की बाबा अगदी बरोबर उत्तर देतात हो. पाठीमागून बोललं की चुकतात.” मी हातातला घास तसाच ठेवला. तीस वर्षांच्या व्यवसायात मी शेकडो कान पाहिले होते. घरातले दोन पाहायचे राहिले होते. कानांत मळाचे खडे होते. ते काढल्यावर थोडा फरक पडला. मग आम्ही दोघे बापलेक नागपूरला गेलो आणि एकाच दिवशी दोघांच्याही कानांचा आलेख निघाला. बाबांना दोन्ही कानांनी वयोमानानुसार मध्यम स्वरूपाचे ऐकू कमी येत होते. स्मृतीची तपासणीही केली. ती त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम निघाली. घरी परतताना गाडीत मी फारसे बोललो नाही.

वाचकहो, वाढत्या वयात प्रथम उंच स्वर जातात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून ज्येष्ठ सांगतात, “ऐकू येते, पण कळत नाही.” ते खरेच सांगत असतात. अशा वेळी ओरडू नका. ओरडण्याने शब्द फाटतो आणि माणूस दुखावतो. टीव्ही बंद करा, उजेडात समोर बसा, आधी नाव घ्या, मग सावकाश बोला. कानांत काडी, केसांची पिन, गरम तेल घालू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तेथे दिवसांचा हिशेब असतो. ऐकू न येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानले जाते, म्हणून श्रवणयंत्राची लाज धरू नका. पहिले काही आठवडे ते त्रासदायक वाटते. शांत खोलीत रोज तासभर लावून सवय करावी. अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून ते मिळू शकते. पंचायत समितीत किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

नातवंडांनाही सांगा, की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास हीच मर्यादा समजली जाते, आणि दर तीन डेसिबल वाढीला तो अवधी निम्मा होतो. अंत:कर्णातील केसपेशी एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. माझा मुलगा कानांत बोंडे खुपसून हिंडतो, तेव्हा मी दारातून ओरडतो, “आवाज कमी कर!” १९९१ साली बाबा माझ्या आजच्याच वयाचे होते, हे तेव्हा आठवते.

आणखी एक. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे सर्वांत घट्ट राहतात. तुमच्या घरातील ज्येष्ठ विशीत काय ऐकत होते, ते विचारा आणि एखाद्या संध्याकाळी हळू आवाजात लावा. आम्ही बाबांसाठी जुनी नाट्यपदे लावली. आठवड्याभरात पेटीवरचे कापड निघाले.

परवा मी धीर करून माझे १९९१ लावले. ‘मेटालिका’ सुरू झाले. बाबांनी शांतपणे दोन्ही यंत्रे कानांतून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वर्तमानपत्र उघडले. घरात अशी सोय असलेला श्रोता एकटाच आहे. गाणे संपल्याचे माझ्या चेहऱ्यावरून ओळखून त्यांनी यंत्रे पुन्हा लावली आणि म्हणाले, “आता तो पाचगणीचा लाव. हळू लाव.”