दोन नंबरचं सिलिंडर

ब्रिटनमधला पाऊस मुंबईसारखा अंगावर येत नाही, तो झिरपतो. नोव्हेंबरात तर धड पडतही नाही, नुसता हवेत असतो. आणि जुन्या गाडीला नेमका हाच पाऊस बाधतो. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी तुंबलेल्या पाण्यात घातली की बंद पडायची, कारण समोर दिसायचं. इथं रात्रभर दारात उभी असलेली मॉरिस मायनर सकाळी मुकाट्यानं चालू होते आणि चढ लागला की ठसकायला लागते. चार ठोक्यांतला एक गायब. गाडी मिसिंग मारतेय.

मायनर 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ॲलेक इसिगोनिस यांनी ऐन वेळी नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंच रुंद केली. बंपर मात्र आधीच तयार होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मधे जोडपट्टी दिसते. आपली ॲम्बॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तीही मायनरसारखी ऑक्सफर्डजवळच्या काउलीचीच. त्यामुळे ॲम्बॅसिडरच्या बॉनेटखाली डोकावलेल्या माणसाला इथं परकं काही वाटत नाही. सगळं उघड, हाताला लागणारं.

मिसिंग कानाला कसं कळतं, याचं गणित मला फार आवडतं. आयडलिंगला इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर चारही सिलिंडर मिळून सोळाशे स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. त्यातलं एक सिलिंडर मेलं की सेकंदाला सहा-सात ठोके कमी. हे कुणी मोजत नाही, पण स्टिअरिंगवरच्या तळव्यांना आणि पाठीला ते लगेच समजतं.

ओळखीतले एक काका आहेत, साठच्या दशकात इकडे आलेले, उमेदीची सगळी वर्षं गॅरेजात काढलेले. बॉनेट उघडण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“काय रे, काय काय बदललंस?”

“अजून काहीच नाही, काका.”

“मग जमेल. पक्कड आण, रबरी मुठीची. उघड्या हातानं वायर धरलीस तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतील.”

इंजिन चालू ठेवून ते एकेका प्लगची वायर काढतात. “एकेकाला रजा देऊन बघायचं. ज्याच्या रजेनं काही अडत नाही, तो कामाला आलाच नव्हता.” एक नंबर काढला, इंजिन धापा टाकायला लागलं. तीनचं तेच, चारचं तेच. दोन नंबरची वायर काढली आणि काहीही झालं नाही. आवाजात तसूभर फरक नाही.

दोन नंबर गैरहजर, एवढं कळलं. का, ते कळायचं होतं. प्लग काढला तर ओला, काळा, पेट्रोलचा भपकारा. नीट जळणाऱ्या प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असतं; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त. ओला म्हणजे बहुधा पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी नाही. तो प्लग एक नंबरला लावला, एकचा दोनला. बिघाड जागचा हलला नाही. वायरींची अदलाबदल केली, तरीही नाही. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सारखं. संशयित आपोआप कमी होत गेले.

“आता अंधार पडू दे,” काका म्हणाले. इथं नोव्हेंबरअखेर चारच्या सुमारास अंधारतं, त्याचा हा एकमेव फायदा असावा. बॅटरी विझवून आम्ही डिस्ट्रिब्युटरवर वाकलो. दोन नंबरच्या खोबणीपासून कॅपच्या क्लिपपर्यंत एक निळा धागा सरपटत होता, विझत होता, पुन्हा सरपटत होता. इंजिन बंद करून कॅप पुसली. मळाखाली केसाएवढी काळी रेघ होती. मळ आणि दमट हवा मिळून कधीतरी करंटला वाट सापडली, त्या वाटेवर कोळसा झाला, आणि कोळशातून करंट जातोच. कॉइलचे हजारो व्होल्ट प्लगकडे न जाता या चोरवाटेनं जमिनीला मिळत होते. अशी रेघ पुसून जात नाही. कॅप बदलायची.

आजच्या गाडीत कॉम्प्युटर क्रँकचा वेग मोजत राहतो आणि धक्के चुकत राहिले की पी-0302 असा कोड देतो, म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर. काम तेच, कान वेगळे. पण तो कोडही कारण सांगत नाही. वायर काढण्याचा प्रयोग मात्र कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीवर करू नका. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो.

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना इथं 2018 पासून एमओटी तपासणीची सक्ती नाही. तपासणारे आपणच. आणि आपण काय करतो, तर मिसिंग ऐकू आलं की प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर सगळं एकदम मागवतो. हल्लीचे नवे कंडेन्सर आणि रोटर पुष्कळदा जुन्यांपेक्षा कच्चे निघतात; मग मूळ बिघाडावर नवा बिघाड बसतो आणि दोन्ही सापडत नाहीत. तेव्हा एका वेळी एकच वस्तू बदला. चालता कंडेन्सर काढलाच, तर फेकू नका. कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. नव्यानं रस्त्यात दगा दिला की तोच घरी आणेल.