शुगर उतरली, पण दिलाचं काय?

आमच्या घरात मधुमेहाचा एकच हिशेब चालतो, रिपोर्टवरचा आकडा. तो खाली आला की सगळे खूश. म्हणून डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी गोळी लिहून दिली, तेव्हा अम्मी म्हणाली, "शुगर तो ठीक है, फिर ये नई गोली कायकू?"

प्रश्न रास्त होता. पण अब्बांचा शेवटचा शुगर रिपोर्टही चांगलाच होता, आणि ते हार्ट अटॅकने गेले. अम्मीला स्टेंट बसवलेला आहे. म्हणून मी वाचायला बसले.

जास्तीची साखर वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करते. तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते. मग साखर उतरवणारं प्रत्येक औषध दिलालाही वाचवतं का? नाही. रोझिग्लिटाझोन साखर उतरवायचं, पण 2007 मध्ये 42 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका 43 टक्के जास्त दिसला. त्यावर पुढे वादही झाला, पण 2010 मध्ये भारताने ते बंद केलं. त्याआधी 2008 मध्येच अमेरिकेच्या औषध नियामकाने कंपन्यांना बजावलं होतं की नुसती साखर उतरवून भागणार नाही, हृदयाला धोका नाही हेही दाखवा.

या सक्तीतून अनपेक्षित भलं झालं. 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 7,020 मधुमेहींमध्ये, हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. सोबत मीठ-पाणीही जातं.

म्हणूनच रोजे ठेवणाऱ्यांनी सावध राहावं. अंगातलं पाणी कमी होऊ शकतं, क्वचित रक्तात आम्लही वाढतं. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. गोळी आपल्या मनाने सुरू करू नका, बंदही करू नका.

किमतीचं म्हणाल, तर मार्च 2025 मध्ये भारतात या औषधाचं पेटंट संपलं आणि कितीतरी स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. शिक्षकाच्या पगारात ही छोटी गोष्ट नाही.

हे सगळं मी अम्मीला तिच्या बोलीत सांगितलं. ती म्हणाली, "मतलब ये गोली दिल की है!" आता रोज न चुकता घेते. तुमच्या घरातही कुणी मधुमेही असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना शुगरसोबत दिलाचंही विचारा.