पुसातली मरळ

धान कापून झाला, बांधीत लाखोळी हिरवी झाली की आमच्या गोंदियाकडे थंडी हाडात शिरते. पुसात पारा ८-१० वर येतो. अशा दिवसांत बोडीवर गरी टाकून बसलेला माणूस एक तर रिकामटेकडा, नाही तर अडलेला. मी अडलेला होतो.

बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायसाठी शेतातच बांधलेलं लहान तळं. १९५१ साली मालगुजारी गेली, मोठे तलाव सरकारकडे गेले, आमच्या आजोबांची बोडी मात्र घरात राहिली. पुढं वाटणीत शेताचे दोन हिस्से झाले, बोडीचे काही होईनात. त्यावरून मोठ्या भावाशी बोलणं तुटलं, ते नऊ वर्षं.

एका सकाळी वहिनी दारात आल्या. भाऊ महिनाभर तापानं पडून होता, हे मला गावातून कळलं होतं. गेलो नव्हतो. उंबऱ्याबाहेरूनच त्या म्हणाल्या, "ते मरळ मरळ करून राह्यले. बाजारात पाह्यली, नाही भेटली." नि निघून गेल्या.

आता मरळ पावसाळ्यात कोणीही धरेल. थंडीत ती मुकी होते. माशाचं अंग पाण्याइतकंच गार, पाणी गारठलं की त्याची भूकही गारठते. गवतात, चिखलात पडून राहते, समोरून बेडकी गेली तरी हलत नाही. पण मरळीला बाहेरची हवा लागते. कितीही गार असो, वर येऊन घोट घ्यावाच लागतो. तिथं ती सापडते. हे मला शिकवलं भावानंच, मी दहा वर्षांचा असताना.

सकाळी बसण्यात अर्थ नसतो. बारानंतर उत्तरेच्या पाळीखाली बसायचं; तिथं वारा अडतो, ऊन सरळ पडतं, गुडघाभर पाणी जरा कोमट होतं. गांडुळं शेणखताच्या ढिगात खोल मिळतात, तेवढीच जागा गरम असते. गरी लहान लावायची. पाण्यावर 'टप्' झालं, वलय उठलं, की त्याच्या हातभर पुढं अलगद सोडायची आणि हलवायची नाही. माणसाला हेच जमत नाही. थंडीतली मरळ तरंगी बुडवत नाही, नुसती बाजूला सरकवते. वाऱ्यानं सरकली असं वाटतं.

पहिल्या दिवशी मला तसंच वाटलं. दुसरा दिवस ढगाळ, पाणीच तापलं नाही. तिसऱ्या दिवशी दोनच्या सुमारास तरंगी सरकली. वारा पडलेला होता. ओढली. सव्वा किलोची असेल.

वहिनींच्या हाती देऊन परत फिरत होतो, तर आतून आवाज आला, "कुठं लागली रे?"

"उत्तरेच्या पाळीखाली."

"गरी?"

"लहानी."

मग बराच वेळ काही नाही. मी ओसरीवरच बसलो. रस्सा झाला. वहिनींनी माझ्यासमोर वाटी ठेवली, त्यात मुंडी होती. लहानपणी आम्ही मुंडीवरूनच मारामाऱ्या करायचो.

आतून भाऊ म्हणाला, "खाय आता. थंडा होते."