स्केटच्या लेसचा ताण

आइस हॉकीचा बूट आणि इनलाइन हॉकीचा, म्हणजे एका ओळीत चाके बसवलेल्या स्केटचा बूट, यांत तळाचे पाते व चाके सोडली तर घडणीत फारसा फरक नसतो. दोन्ही ताठ असतात, घोट्याच्या वर जातात आणि पाऊल धरून ठेवण्याचे काम मुख्यतः लेसवर सोपवतात. म्हणूनच लेहच्या गोठलेल्या तळ्यावर लेस बांधण्याचे जे नियम पाळले जातात, तेच उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या वाशीम जिल्ह्यातील सिमेंटच्या मैदानावरही लागू पडतात. शालेय क्रीडा स्पर्धांत रोलर स्केटिंगचा समावेश असल्याने येथील मुलांच्या पायांत स्केट येतात, पण ते बांधावेत कसे, हे शिकवण्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

मैदानाच्या कडेला नेहमी आढळते ते असे, की पालक गुडघे टेकून बसतात आणि चवड्यापासून वरच्या टोकापर्यंत सारख्याच जोराने लेस आवळतात. मूल उभे राहते तेव्हा बोटांना मुंग्या आलेल्या असतात आणि गुडघे वाकवू म्हटले तरी नडगी पुढे कलत नाही. लेसचा ताण सर्वत्र सारखा नसावा, हेच या कौशल्याचे मर्म आहे.

प्रथम लेस खालच्या छिद्रांपर्यंत सैल करून बुटाची जीभ पुढे ओढावी, पाऊल आत सरकवावे आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा मागच्या बाजूने ठोकून ती बुटाच्या खोबणीत पक्की बसवावी. टाच मागे बसली नाही, तर पुढचे सारे आवळणे वाया जाते. उभे राहिल्यावर बोटे टोकाला जेमतेम स्पर्शावीत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे यावीत, हे माप योग्य समजावे. चवड्यावरचे फेरे पायाला लागतील इतपतच ओढावेत. पावलाच्या वरच्या उंचवट्यापासून घोट्याच्या वळणापर्यंतचे फेरे मात्र एकेक करून, खालचा ताण सुटू न देता घट्ट करावेत, कारण टाच जागेवर राहते ती याच पट्ट्यामुळे. लेस छिद्रातून बाहेरून आत ओवलेली असेल, तर ती बुटाच्या कडेखाली दाबली जाऊन ताण अधिक टिकतो. वरची दोन छिद्रे पुन्हा थोडी सैल सोडावीत, म्हणजे नडगीला पुढे झुकण्यास वाव मिळतो.

लेस लांब उरली म्हणून ती घोट्याभोवती गुंडाळण्याची सवय घातक आहे. तिने घोडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा, घासली जाते आणि समोरच्या कंडरांवरही दाब येऊन सूज येऊ शकते. खेळ सुरू झाल्यावर बूट पायावर बसतो आणि लेस ढिली पडते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनी थांबून ती पुन्हा ओढून घ्यावी लागते.

प्रशिक्षकांनी पहिला तास चाकांवर न घालवता मुलांना आपली लेस आपणच बांधायला शिकवावे, आणि पालकांनीही तेवढा वेळ धीर धरावा.